भागीदारीचे सोंग

‘भागीदार’ हा शब्द आपल्या व्यापारी व्यवहारात मोठ्या विश्वासाचा मानला गेला आहे. काळबादेवी-भुलेश्वरच्या पेढ्यांवर भागीदार म्हणजे काय, हे कोणी कोणाला समजावून सांगत नसे. नफ्यात वाटा, तोट्यात वाटा आणि पेढीची वही उघडून पाहण्याचा दोघांनाही सारखाच हक्क, एवढे ते सरळ होते. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याने तर हा वही पाहण्याचा हक्क लेखीच करून ठेवला. आज याच शहरात हजारो तरुण मोबाइल फोनच्या पडद्यावर बोट टेकवून ‘चालक-भागीदार’ होत आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या या पेढीची वही पाहिली आहे? त्याच रस्त्याचे, त्याच अंतराचे भाडे काल एक आणि आज दुसरेच का, हे विचारण्यासाठी त्यांनी कोणाच्या दारात जावे? नफ्यातला कितवा हिस्सा त्यांचा, हे कोणत्या करारात लिहिले आहे? उत्तर नाही. म्हणून मी प्रारंभीच स्पष्टपणे म्हणतो की ही भागीदारी नव्हे, भागीदारीचे सोंग आहे. आणि ते सोंग ज्या हेतूने घेतले गेले आहे तो हेतू ख्रिस्ती मनाला मान्य होण्यासारखा नाही.

हे गाऱ्हाणे केवळ टॅक्सीवाल्यांचे आहे असे कोणी समजू नये. शिवडी, कॉटन ग्रीन, वाडीबंदर या पट्ट्यात रात्री एक फेरी मारावी. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगेत तीन प्रकारची माणसे झोपलेली आढळतील. पहिला दुसऱ्याच्या गाडीवर खेपेच्या हिशेबाने राबणारा. त्याच्या नोकरीचा कागद कोठेही नाही. दुसरा हप्त्यावर घेतलेली स्वतःची गाडी एखाद्या वाहतूक कंपनीच्या कामाला कायमची जुंपलेला. तिसरा, वयाने बहुधा सर्वांत तरुण, छोटा टेम्पो घेऊन मोबाइलवरच्या हुकमाची वाट पाहणारा. पहिल्याला कोणी भागीदार म्हणत नाही, कारण त्याच्याजवळ गाडीच नाही. दुसरा आणि तिसरा मात्र कागदोपत्री ‘स्वतंत्र व्यावसायिक’ आहेत. मौज अशी की, या स्वतंत्र व्यावसायिकाच्या वाट्याला व्यवसायातला खर्च तेवढा आलेला आहे. गाडीचा हप्ता त्याचा, डिझेल त्याचे, विमा, टायर, टोल, पोलिसांचा दंड, सारे त्याचे. भाडे किती, माल कोठे, केव्हा पोहोचवायचा आणि उशीर झाला तर किती कापायचे, हे ठरविणार दुसरा. भाड्याचा काही भाग माल भरताना मिळतो, उरलेला पोचपावती दाखविल्यावर, तोही केव्हा ते देणाऱ्याच्या मर्जीवर. गोदामाच्या दारात दोन दिवस गाडी उभी राहिली तर त्या दोन दिवसांचे हॉल्टिंग मागताना त्याला भीक मागितल्यासारखे वाटते. पोती कमी भरली तर ती कोणी काढली याची चौकशी होत नाही. त्याच्या भाड्यातून पैसे वळते होतात.

आमच्या धर्मग्रामात विवाहाची नोंद करताना वराच्या व्यवसायाचा रकाना भरावा लागतो. अलीकडे एका मुलाने ‘बिझनेस’ असे सांगितले. शेजारी बसलेली त्याची आई चटकन म्हणाली, “फादर, बिझनेस कसला, टेम्पो चालवतो तो.” मुलगा ओशाळला. खरे सांगायचे तर त्या दोघांपैकी आईचे उत्तर कायद्याच्या दृष्टीनेही अधिक अचूक होते.

कामगाराला कामगार न म्हणता त्याच्याकडून काम करून घेण्याची विद्या मुंबईला नवी नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये ‘बदली’ नावाची जात होती. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कायम कामगार गैरहजर असला तर आत जायचे, नसला तर घरी परतायचे. आत घेणारा जॉबर. आणि त्याची दस्तुरी ठरलेली. वर्षानुवर्षे त्याच यंत्रावर उभा राहिलेला माणूसही कागदावर बदलीच राहात असे, कारण गिरणीमालकाला कपडा हवा होता, माणसाची जबाबदारी नको होती. पुढे १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदल्यांना कार्डे दिली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्याच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, हे आज किती जणांच्या स्मरणात आहे? संप मोडला, गिरण्या बंद पडल्या, चिमण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांत दिवसभर सामान पोहोचविणारे टेम्पो खाली रांगेने उभे असतात. त्यांच्या चालकांत गिरणी कामगारांची नातवंडे नसतीलच असे नाही. फरक इतकाच की आजोबांना जॉबरचे तोंड तरी दिसत होते, त्याला शिव्या तरी देता येत होत्या. नातवाचा जॉबर एक यंत्र आहे. ते त्याला तारे देते, तारे काढून घेते, आणि एखाद्या दिवशी काही न सांगता त्याचे खातेच बंद करते.

रविवारचीच गोष्ट घ्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पाडून घेतली. तो वार त्यांनी खंडोबाचा म्हणून मागितला होता, आणि त्यात आम्हां धर्मगुरूंना नाक मुरडण्यासारखे काही नाही; माणसाला सातव्या दिवशी विसावा हवा, हे सिनाय पर्वतावर सांगितले गेले तसेच जेजुरीच्या गडावरही समजले होते. आता या ‘स्वतंत्र’ चालकाचा रविवार पाहा. त्याला सुट्टी घेण्यास कोणीही मनाई करीत नाही, हे खरे आहे. फक्त ज्या आठवड्यात अमुक इतक्या खेपा पुऱ्या होतील त्याच आठवड्यात प्रोत्साहन भत्ता मिळतो, आणि भत्त्याशिवाय हप्ता फिटत नाही. मनाई न करता माणसाला रविवारी गाडीवर बसविण्याची ही युक्ती जुन्या गिरणीमालकांना सुचली नव्हती.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असे साधे माणुसकीचे माप घालून दिले होते. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थेस लागू होता. आता ज्या कंपनीसाठी शेकडो गाड्या धावतात तिने आपल्याकडे पाच चालकही नाहीत असे दाखविले, तर तो कायदा कोणावर चालवायचा? शेकडो चालक शेकडो ‘व्यावसायिक’ झाले की कामगार शून्य! २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आहे. परंतु माणसाला मोजणीतूनच वगळण्याची ही पळवाट कायद्यांची नावे बदलल्याने बुजत नाही.

या पळवाटेवर उपाय नाही असे कोणी म्हणू लागले, की मला महाराष्ट्रानेच १९६९ मध्ये केलेला कायदा आठवतो. मशीदबंदर, दाणाबंदर, लोहाबाजार येथे पाठीवर व माथ्यावर ओझी वाहणाऱ्या माणसांचा धनी कोण, हा प्रश्न तेव्हा असाच गुंतागुंतीचा होता. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही, टोळीवाल्याचा माणूस आहे. टोळीवाला म्हणे, मी स्वतःच हमाल, मी कुठला धनी? आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्या व्यापाऱ्याचे. मग भविष्यनिर्वाह निधी भरायचा कोणी? अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केले, आणि महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा अस्तित्वात आला. त्या कायद्याची ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या प्रत्येक धर्मग्रामातील न्याय व शांती समितीने एकदा तरी वाचावी. जो कोणाही धन्याचा वा कंत्राटदाराचा नोकर नाही, परंतु त्यांच्या परवानगीने किंवा त्यांच्याशी केलेल्या कराराने काम करतो, तोही त्या व्याख्येत येतो! नोकर आहे की नाही हा वादच कायद्याने बाजूला ठेवला, आणि ओझे कोणाचे, एवढेच विचारले. ज्याचे ओझे त्याने मजुरी व तिच्यावर ठराविक लेव्ही मंडळात भरावी. मंडळाने कामगाराला मजुरी, निधी, बोनस, रजा, औषधपाणी द्यावे. धनी बदलत राहिला तरी कामगाराचे खाते बदलत नाही.

आता एक विसंगती पाहा. ट्रकमध्ये पोती चढविणारा माथाडी आहे. त्याचे मंडळ आहे, त्याचा निधी आहे. तीच पोती घेऊन रात्रभर कसारा घाट चढणारा चालक मात्र या छत्राबाहेर. पाठीवर वाहिलेले ओझे श्रम ठरले, चाकावर वाहिलेले ओझे व्यापार ठरला. माथाडींच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्याही निघाल्या, हे कोणी नाकारत नाही. गव्हात निदण वाढले म्हणून शेत पेटवून देण्याची शिकवण निदान आपल्या प्रभूने दिलेली नाही. आणि शल्य असे की, मंडळ व लेव्हीचा हा मार्ग ज्या महाराष्ट्राने दाखविला, तो या नव्या कामगारांसाठी कायदा करण्यात मागे राहिला. पहिला कायदा जुलै २०२३ मध्ये राजस्थानने केला, त्यामागून कर्नाटकाने २०२५ मध्ये.

आपल्या समाजाला या प्रश्नाची ओळख नाही असेही नाही. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या मागून गोदीच्या कडेने जाणाऱ्या फ्रिअर रोडला आज पी. डिमेलो मार्ग म्हणतात. हे प्लॅसिड डिमेलो कोण, हे आपल्या मुलांना विचारून पाहावे. गोदी कामगारांचा हा कॅथलिक नेता १९५८ मध्ये अकाली गेला. त्या वेळी गोदीतला कामगारही रोज सकाळी दारात उभा राहणारा, जहाज आले तर पोट भरणारा माणूस होता. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने आणि त्याखाली स्थापन झालेल्या मंडळाने त्याला काम नसलेल्या दिवसाचीही काही शाश्वती दिली. डिमेलोंच्या हाताखाली शिकलेला, मंगळूरहून सेमिनरी सोडून मुंबईत आलेला एक तरुण पुढे या शहराच्या टॅक्सीवाल्यांचा नेता झाला. त्याचे नाव जॉर्ज फर्नांडिस. सेमिनरीने त्याला गमावले आणि टॅक्सीवाल्यांनी कमावले, असे आम्ही धर्मगुरू आपापसांत थट्टेने म्हणतो.

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू. आपल्याच समाजातील, वाहतुकीच्या धंद्यात स्थिरावलेले एक सद्गृहस्थ मला म्हणाले, “फादर, पोप लिओ तेरावे यांनीच तर सांगितले की कामगाराने काटकसर करून मालमत्ता मिळवावी. आम्ही चालकाला गाडीचा मालक करतो. आणि संत योसेफ तरी कोणाचा नोकर होता? त्याचे स्वतःचे दुकान होते.” युक्तिवाद बिनतोड वाटण्यासारखा आहे, म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे.

संत योसेफाचे दुकान होते, मान्य. परंतु नाझरेथच्या शेतकऱ्याने जू करवून घेतले, तर त्याची किंमत योसेफ सांगत असे, शेतकरी घासाघीस करीत असे, आणि जमले नाही तर योसेफ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहात असे. जुवाची किंमत तिसऱ्याच कोणी यरुशलेमेत बसून ठरवावी, गिऱ्हाइकाकडून ती परस्पर घ्यावी, तिच्यातून आपला वाटा कापावा, आणि योसेफाने दोनदा नाही म्हटले तर त्याचे दुकानच बंद करावे, अशी व्यवस्था नाझरेथला नव्हती. मालकी म्हणजे वस्तूवर नाव असणे एवढेच नव्हे. आपल्या श्रमाची किंमत सांगण्याची ताकद ज्या मालकीने येत नाही, ती मालकी गळ्यातल्या लोढण्यासारखी आहे. आणि १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाचे म्हणाल, तर त्याच परिपत्रकात पोपमहोदयांनी असेही बजावले की केवळ कामगाराने संमती दिली म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी वा अधिक वाइटाच्या भीतीने माणूस कठोर अटी मान्य करतो तेव्हा तो बळजबरीचाच बळी असतो. मोबाइलच्या पडद्यावरील चाळीस पानी करारावर टेकविलेल्या बोटाला ‘संमती’ म्हणणाऱ्यांनी लिओंचे नाव घेण्यापूर्वी ते परिच्छेदही वाचावेत.

दुसरा आक्षेप असा की काम तुटक आहे. आज आहे, उद्या नाही. मग नोकरी म्हणायची कशी? याचे उत्तर आपल्या घराघरांतून मिळेल. गिरगाव-धोबीतलावच्या कुडांतून राहणारे आपले गोवेकर बांधव बोटीवर जात ते एका सफरीचा करार करून. सफर संपली की करार संपला. परंतु त्यांना पी. अँड ओ. कंपनीचे भागीदार म्हणण्याची कल्पना कोणाच्याही डोक्यात आली नाही. ते खलाशी होते, खानसामे होते, आणि ज्याचे जहाज त्याची त्यांच्यावर जबाबदारी होती.

आपल्या न्यायालयांनीही हे ओळखले होते. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकविणाऱ्या आगऱ्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये निकालात काढला. हे आगरी हंगामापुरते काम करीत, मिठाच्या वजनावर पैसे घेत, बायकामुलांना आणि स्वतः ठेवलेल्या मजुरांनाही कामाला लावीत; तेव्हा ते कंत्राटदार होत, असे कंपनीचे म्हणणे. न्यायालयाने पाहिले की वाफ्यात पाणी सोडण्यापासून मीठ उचलण्यापर्यंत देखरेख कंपनीची आहे, आणि त्यांना कामगार ठरविले. १९७८ मध्ये कालिकतच्या दोरखंड कारखान्याच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर याहून पुढे गेले. कामगाराच्या पोटावर, कसबावर आणि काम टिकण्यावर ज्याचा आर्थिक ताबा तोच खरा धनी. मधले कागदी पडदे न्यायालयाने बाजूला सारावेत, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढच्या काळात वारा उलटा वाहू लागला आणि २००१ च्या पोलाद प्राधिकरणाच्या निकालाने कंत्राटी कामगाराला मूळ संस्थेत आपोआप सामावून घेण्याचे दार लावून घेतले, ही गोष्ट वेगळी. पण लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ ला उबर कंपनीच्या चालकांना ‘वर्कर’ ठरविताना जी कारणे दिली, ती वाचताना कृष्ण अय्यरांचीच आठवण होते: भाडे कंपनी ठरविते, अटी कंपनी घालते, फेरी नाकारणाऱ्याला कंपनी शिक्षा करते, आणि प्रवाशाशी चालकाचे नाते जुळू नये याची काळजीही कंपनीच घेते.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र चालकांच्याच तोंडून येतो. कॅलिफोर्नियात ही लढाई खूप पुढे गेली आहे. तेथे माल पोहोचविणाऱ्या एका कंपनीने २००४ पर्यंत नोकर असलेल्या चालकांना एका फटक्यात ‘स्वतंत्र कंत्राटदार’ केले. काम तेच, माणसे तीच. २०१८ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम घातला, आणि २०२० पासून तो कायद्याने लागू झाला: माणूस स्वतंत्र आहे हे कंपनीने सिद्ध करावे. तो तिच्या ताब्यात नाही, त्याचे काम तिच्या मूळ धंद्याहून वेगळे आहे आणि तो खरोखर स्वतःचा धंदा चालवतो, ही तिन्ही अंगे तिने दाखवून द्यावीत. बेकरीचा नळ दुरुस्त करणारा प्लंबर या कसोटीवर स्वतंत्र ठरेल; बेकरीचा केक रोज सजवणारा ठरणार नाही. माल वाहण्याच्या कंपनीचा ट्रकचालक कसा ठरेल? आणि तरीही जुलै २०२२ मध्ये ओकलंड बंदर अडवून बसले ते ट्रकमालक-चालकच, आणि त्यांचे म्हणणे होते, आम्हांला नोकर करू नका. तिकडच्या टॅक्सी कंपन्यांनी तर त्याआधीच, नोव्हेंबर २०२० मध्ये, वीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम प्रचारात ओतून लोकमताने आपल्यापुरती सूट मिळविली होती.

त्या चालकांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. ज्याने घाम गाळून गाडी फेडली, ज्याची चार गिऱ्हाइके आहेत, जो नको ते भाडे नाकारू शकतो, त्याला बळेच कोणाच्या हजेरीपटावर चढविणे हाही अन्यायच. आपल्याकडेही असे चालक आहेत, आणि त्यांच्या स्वाभिमानाला माझा नमस्कार. माझा वाद त्यांच्या आड लपणाऱ्यांशी आहे. दहा खऱ्या स्वतंत्र माणसांचे उदाहरण दाखवून हजार परतंत्र माणसांची जबाबदारी झटकायची, हा अप्रामाणिकपणा आहे. म्हणूनच सिद्ध करण्याचा भार कोणावर, हा मला कळीचा मुद्दा वाटतो. आज आपल्याकडे चालकाने, हप्ता थकलेला असताना, वकील लावून सिद्ध करायचे की मी नोकर आहे. हा भार उलटला पाहिजे. ज्याच्याजवळ वही आहे त्याने ती उघडून दाखवावी.

सामाजिक सुरक्षा संहितेने हा प्रश्न सोडविला असे सांगितले जाते. २०२० ची ही संहिताही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात ‘गिग कामगार’ व ‘प्लॅटफॉर्म कामगार’ ही नावे प्रथमच आली, माल वाहतुकीच्या सेवाही तिच्या सूचीत आहेत, आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, चालकांना दिलेल्या पैशाच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, कल्याण निधीत भरावी असे ठरले. यात चांगले आहे ते मी नाकारीत नाही. पण व्याख्या वाचा: पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर काम करणारा तो गिग कामगार! म्हणजे कंपन्यांचे म्हणणे कायद्याने पहिल्याच ओळीत मान्य केले आणि मग त्या बदल्यात थोडी खिरापत दिली. किमान वेतन नाही, कामाच्या तासांना मर्यादा नाही, अकारण खाते बंद केल्यास दाद मागण्याचे कामगार न्यायालय नाही. परळला गिरणी कामगारांच्या पिढ्यांनी उपचार घेतलेले राज्य कामगार विमा योजनेचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय आहे. कंबर मोडलेल्या त्या विवाहेच्छू मुलाने त्याच्या दारावरून टेम्पो न्यावा. आत जाण्याचा हक्क ‘कर्मचारी’ या शब्दाला बांधलेला आहे, आणि तो तर भागीदार!

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत, अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सुचविणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा मुंबईच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि शहर त्यांच्यावर चिडले. अपघातात सापडलेल्याला टाकून पळणे हे पापच आहे. परंतु त्या चालकाला सोळा तास जागे ठेवून ‘पहाटेपूर्वी माल पोहोचला पाहिजे’ असे सांगणाऱ्याचे नाव त्या कलमात कोठे आहे?

येथे मी आपल्या ख्रिस्तसभेकडे वळतो. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्सेरसेन्स’ हे परिपत्रक काढले. तरुणपणी खाणीत व रसायनाच्या कारखान्यात राबलेला हा माणूस. १९८६ च्या फेब्रुवारीत दादरच्या शिवाजी पार्कवर त्यांच्या मिस्साबलिदानाला उपस्थित राहिलेले अनेक जण आजही आपल्यात आहेत. त्या परिपत्रकात त्यांनी ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली. कामगाराला हातात पगार देणारा तो प्रत्यक्ष मालक. परंतु ज्यांच्या धोरणांनी, करारांनी, मागण्यांनी त्या पगाराची मर्यादा ठरते ते सारे अप्रत्यक्ष मालक, आणि त्यांच्यावरही न्यायाची जबाबदारी आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी तर आपले नावच लिओ तेराव्यांच्या त्या सामाजिक परिपत्रकाच्या स्मरणार्थ घेतल्याचे सांगितले, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा उभा राहिल्याचे म्हटले.

मग अप्रत्यक्ष मालक कोण? आपल्या शाळा, आपली रुग्णालये, आपली सभागृहे. शाळेची बस पिवळी, तिच्यावर शाळेचे नाव, आत आपली मुले. चालक मात्र कंत्राटदाराचा, आणि कधी कधी कंत्राटदाराचाही नव्हे, तर ‘स्वतंत्र’. मुंबईच्या बेस्टमध्ये हेच घडले. बस बेस्टच्या रंगाची, चालक पुरवठादाराचा, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये याच चालकांनी काम बंद केले तेव्हा कुठे प्रवाशांना कळले की आपल्या बेस्टचा चालक बेस्टचा नाही. आपण महानगरपालिकेला दूषणे दिली. पण नववारीच्या भक्तीसाठी मंडप घेऊन येणारा टेम्पो, दुष्काळी भागात धान्य नेणारा ट्रक, विद्यार्थ्यांची सहल, यांचे दर आपल्या समित्या कसे ठरवितात? तीन दरपत्रके मागवायची आणि सर्वांत खालचे निवडायचे. ते दरपत्रक इतके खाली कसे आले, कोणाच्या निधीतून आणि कोणाच्या झोपेतून आले, हे कोणी विचारीत नाही. हिशेबतपासनीस खूश, धर्मग्राम परिषद खूश.

द्राक्षमळ्याच्या दाखल्याचा आधार घेऊन ‘माझे पैसे, माझी मर्जी’ म्हणणारेही भेटतात. त्यांनी दाखला नीट वाचलेला नसतो. त्या धन्याने मजूर आणण्याचे काम कोणा दलालावर सोपविले नाही. तो स्वतः दिवसातून पाच वेळा बाजारात गेला, बेकार उभ्या असलेल्यांना का उभे आहात असे विचारले, दर आधी सांगितला आणि संध्याकाळ होताच हिशेब चुकता केला. त्याची मर्जी मजुरी वाढविण्याकडे वळली, कापण्याकडे नव्हे. अनुवादाच्या पुस्तकात गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी असा नियम आहे. संत याकोबाने अडविलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो असे श्रीमंतांना बजावले. आणि सिराखच्या ग्रंथात मजुराची मजुरी बुडविणारा रक्त सांडणाऱ्यांच्या पंक्तीस बसविला आहे. पोचपावतीनंतर नव्वद दिवसांनी पैसे देणाऱ्या आपल्या संस्थांच्या कोषाध्यक्षांसाठी यातील एक तरी वचन कार्यालयात लावायला हरकत नसावी.

शाळांचे बस-करार नव्या वर्षासाठी एप्रिल-मे महिन्यांत होतात. त्यापूर्वीच्या सभेत प्रत्येक शाळेने कंत्राटदाराकडून चालक व मदतनीसांची नावे, त्यांच्या वेतनपावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीचे क्रमांक मागवावेत. चालक ‘भागीदार’ असल्याचे उत्तर आले तर भागीदारीचा करार आणि वही पाहण्यास मागावी. आणि ज्याला यातले काहीच दाखविता येणार नाही त्याचा दर कितीही खालचा असला तरी त्याचे दरपत्रक बाजूला ठेवावे.